स्लॉट कार डर्बी : नवख्या खेळाडूसाठी वळणावळणाचे मार्गदर्शन

‘मारिओ पार्टी’ या निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेम मालिकेतील ‘स्लॉट कार डर्बी’ हा मिनीगेम, म्हणजे मोठ्या खेळातला छोटा खेळ, पाहताक्षणी इतका सोपा वाटतो की त्याचे काही शिकावे लागेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. चार गाड्या, ट्रॅकमधल्या चार खाचा, कंट्रोलरवरची अंगठ्याने झुकवायची एक स्टिक आणि ती पुढे ढकलली की गाडी पळते, एवढेच तर त्यात आहे. मलाही तसेच वाटले होते. त्यामुळे मी बराच काळ प्रत्येक शर्यतीत स्टिक पूर्ण पुढे दाबून बसत असे आणि पहिल्याच तीव्र वळणावर गाडी खाचेतून निसटली की कंट्रोलरला दोष देत असे. पुढे कळले की दोष हाताचा होता, आणि त्यातही दाबण्याचा नव्हे, तर वेळेवर न सोडण्याचा. ते कळायला मला जितका वेळ लागला तितका तुम्हाला लागू नये, म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहीत आहे.

१. हा खेळ मुळात कशाची नक्कल आहे, ते आधी समजून घ्या

स्लॉट कार हे खरे खेळणे आहे. १९५७ साली ब्रिटनमध्ये ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नावाने विजेवर चालणाऱ्या अशा गाड्या बाजारात आल्या आणि जर्मनीत सुरू झालेली ‘कॅरेरा’ ही कंपनी १९६३ पासून याच क्षेत्रात आहे. ट्रॅकमध्ये प्रत्येक गाडीसाठी एक खाच कोरलेली असते, गाडीच्या पुढच्या भागाखाली असलेली पिन त्या खाचेत उतरते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांतून गाडीच्या मोटारीला वीज मिळते. घरगुती ट्रॅकवर सहसा एकास बत्तीस या प्रमाणात लहान केलेल्या गाड्या पळतात. खेळाडूच्या हातात एक लहानसा कंट्रोलर असतो, त्याचा खटका जितका दाबावा तितकी वीज मोटारीकडे जास्त जाते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे स्लॉट कारला स्टिअरिंग नसते. गाडीने कोणत्या दिशेला जायचे हे खाच ठरवते, तुम्ही ठरवता तो केवळ वेग. मिनीगेममध्येही हेच तत्त्व जसेच्या तसे ठेवलेले आहे. इतर शर्यतींच्या खेळांची सवय असलेला माणूस वळण दिसताच स्टिक डावी-उजवीकडे झुकवू लागतो. इथे त्याचा काही उपयोग नाही, उलट त्या हालचालीत पुढचा दाब नकळत कमी-जास्त होतो आणि गाडी अडखळत चालते.

२. लागणारे साहित्य जमवा

फार काही लागत नाही, पण जे लागते ते नीट असावे.

• मूळ खेळ किंवा त्याची आजच्या यंत्रावर चालणारी आवृत्ती. ‘मारिओ पार्टी’चा पहिला भाग १९९८ साली आणि दुसरा भाग १९९९ साली जपानमध्ये निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. दोन्ही भागांत हा मिनीगेम आहे. जुने यंत्र नसेल, तर २ नोव्हेंबर २०२२ पासून हे दोन्ही भाग निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वात उपलब्ध झाले आहेत. मात्र त्यासाठी साधे सदस्यत्व पुरत नाही, ‘एक्स्पान्शन पॅक’ असलेले मोठे सदस्यत्व घ्यावे लागते. पुष्कळ जण घाईघाईने साधे सदस्यत्व घेतात आणि मग निन्टेन्डो ६४ चे खेळ कुठेच दिसत नाहीत म्हणून गोंधळतात.

• प्रत्येक खेळाडूसाठी एक कंट्रोलर, आणि त्यावर नीट चालणारी अ‍ॅनालॉग स्टिक, म्हणजे किती झुकवली तेही ओळखणारी. चौघांपैकी एकाची स्टिक झिजलेली असेल, तर ती शर्यत बरोबरीची राहत नाही.

• ‘गेम मोड’ची, म्हणजे चित्र कमीत कमी विलंबाने दाखवण्याची, सोय असलेला टीव्ही. याचे कारण पुढच्या पायरीत येईल.

• शक्य असल्यास एक धीराचा साथीदार. हा खेळ एकट्यानेही शिकता येतो, पण तुम्ही वळणावर काय करता हे शेजारी बसलेल्या माणसाला तुमच्यापेक्षा लवकर दिसते.

३. स्टिक आणि टीव्ही यांची तपासणी करा

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि नंतर आपल्या अंगी कौशल्यच नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

निन्टेन्डो ६४ चा मूळ कंट्रोलर यंत्र सुरू होताना स्टिक ज्या जागी असेल ती जागा ‘मध्य’ मानतो. यंत्र चालू करताना तुमचा अंगठा स्टिकवर टेकलेला असेल, तर मध्य चुकीचा ठरतो आणि मग पूर्ण पुढे ढकलूनही गाडी हवी तशी पळत नाही, किंवा स्टिक सोडल्यावरही थोडी सरकत राहते. यावर उपाय असा, की स्टिकला हात न लावता एल, आर आणि स्टार्ट ही तीन बटणे एकत्र दाबावीत, म्हणजे मध्य नव्याने ठरतो. स्विचवर खेळत असाल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर आणि सेन्सर यांच्या विभागात जाऊन स्टिकचे कॅलिब्रेशन, म्हणजे तिच्या हालचालीची नव्याने जुळणी, करून घ्यावे. त्या पडद्यावर स्टिक सावकाश पुढे नेऊन पाहावी. खूण एकसारखी सरकत गेली तर स्टिक ठीक आहे, मध्येच उडी मारत असेल तर तिच्यावर वळणे घेणे अवघड जाईल.

टीव्हीचे प्रकरण अधिक फसवे आहे. हल्लीचे टीव्ही चित्र सुंदर दिसावे म्हणून त्यावर बरीच प्रक्रिया करतात आणि त्या प्रक्रियेत वेळ जातो. गेम मोड बंद असताना काही टीव्हींवर हा विलंब शंभर मिलिसेकंदांच्या आसपास जातो. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र जेमतेम १७ मिलिसेकंद टिकते, म्हणजे तुम्ही पाहत आहात ती गाडी प्रत्यक्षात सहा चित्रे पुढे गेलेली असते. चालण्या-उड्या मारण्याच्या खेळात हे जाणवत नाही. मात्र ज्या खेळात वळणाच्या तोंडाशी अचूक क्षणी दाब कमी करायचा आहे, तिथे हाच फरक गाडी खाचेत राहते की बाहेर पडते, हे ठरवतो. म्हणून टीव्हीच्या मेनूमध्ये जाऊन गेम मोड आधी सुरू करावा. दूरच्या मित्रांबरोबर ऑनलाइन खेळताना इंटरनेटचा विलंब यात आणखी मिसळतो, त्यामुळे सराव घरच्या घरीच करावा हे बरे.

४. मिनीगेमपर्यंत पोहोचण्याची वाट ओळखा

‘मारिओ पार्टी’ हा मुळात घरांवरून पुढे सरकत तारे मिळवण्याचा पटाचा खेळ आहे आणि मिनीगेम त्यात मधूनमधून निघतात. नवीन माणूस मुख्य पटावर खेळायला बसतो आणि स्लॉट कार डर्बी कधी येईल याची वाट पाहत राहतो. तो का येत नाही, हे नियम वाचल्याशिवाय कळत नाही.

पटावर चौघांनीही आपापला डाव खेळून झाला की प्रत्येक जण कोणत्या रंगाच्या घरावर थांबला आहे ते पाहिले जाते. निळे आणि लाल हे दोन मुख्य रंग आहेत. इतर प्रकारच्या घरावर थांबलेल्याला यांपैकी एक रंग दिला जातो. चौघांचा रंग एकच असेल तर चौघांचा मिनीगेम निघतो, दोन-दोन असे पडले तर जोड्यांचा आणि एक विरुद्ध तीन असे पडले तर तसा. स्लॉट कार डर्बी हा चौघांचा मिनीगेम आहे. म्हणजे आधी चौघांचा रंग जुळला पाहिजे आणि त्यानंतर चौघांच्या मिनीगेमांतून नेमका हा निवडला गेला पाहिजे. अशी संधी एका पूर्ण खेळात एखाद-दुसऱ्या वेळीच येते, तर कधी येतही नाही.

म्हणून सरावासाठी पटावर अवलंबून राहू नये. पहिल्या भागात ‘मिनी-गेम हाउस’ नावाची जागा आहे, तिथे पटावर कमावलेली नाणी देऊन मिनीगेम विकत घेता येतात आणि मग हवे तितक्या वेळा खेळता येतात. दुसऱ्या भागातही अशीच खरेदीची सोय आहे. शिवाय तिथे पटावर एखादा मिनीगेम निघाल्यावर प्रत्यक्ष खेळण्याआधी सराव करण्याचा पर्याय मिळतो. तो पर्याय घाईने ओलांडू नका. समोरचे तिघे कंटाळतील, पण कंटाळू द्यावे.

हा खटाटोप कशासाठी, असे वाटत असेल तर हिशेब पाहा. जिंकणाऱ्याला दहा नाणी मिळतात आणि पटावर एक तारा वीस नाण्यांना मिळतो. म्हणजे एक शर्यत अर्ध्या ताऱ्याची आहे. त्याखेरीज मिनीगेममध्ये सर्वाधिक नाणी मिळवणाऱ्याला खेळाच्या शेवटी एक जादा तारा दिला जातो, आणि अटीतटीच्या खेळात तोच तारा निकाल फिरवतो.

५. गाडी सुटण्याआधी ट्रॅक वाचा

शर्यत सुरू होण्यापूर्वीचे क्षण स्वतःच्या पात्राकडे पाहण्यात घालवू नका. तुमची गाडी कोणत्या लेनमध्ये, म्हणजे कोणत्या खाचेत, आहे, पहिले वळण किती अंतरावर आहे आणि ते रुंद आहे की आखूड, एवढ्या तीन गोष्टी टिपून घ्याव्यात. चार गाड्या एकाच वेळी पडद्यावर असल्यामुळे नवखा खेळाडू अर्धी फेरी भलत्याच गाडीकडे पाहत राहतो. हे ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण माझ्या डोळ्यांदेखत दोन मोठी माणसे एकाच गाडीसाठी भांडली आहेत.

लेनबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यावरून वाद होतात. वळणावर बाहेरची लेन लांब असते, पण तिचे वळण रुंद असल्यामुळे तिथे वेग थोडा जास्त ठेवता येतो. आतली लेन जवळची असली तरी तिचे वळण आखूड असते. खऱ्या स्केलेक्स्ट्रिक ट्रॅकवर शेजारच्या दोन खाचांमध्ये ७८ मिलिमीटर अंतर असते. साध्या गोलाकार ट्रॅकच्या एका फेरीत तेवढ्याने बाहेरच्या गाडीला सुमारे ४९ सेंटीमीटर जास्त धावावे लागते. ट्रॅक इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असेल, तर डावी वळणे आणि उजवी वळणे एकमेकांना फेडतात आणि हा फरक नाहीसा होतो. म्हणून ‘माझी लेनच वाईट होती’ असे म्हणण्याआधी ट्रॅकचा आकार पाहावा.

६. अंगठा कसा ठेवावा

स्टिक जितकी पुढे, तितका वेग जास्त. हे वाक्य साधे आहे, पण बहुतेकांचा अंगठा स्टिकला बटणासारखा वापरतो, म्हणजे एकतर पूर्ण पुढे किंवा पूर्ण सोडलेली. तसे केल्यास गाडी झटके खात चालते. स्टिक ही पाण्याच्या नळाची चावी समजावी आणि धार हवी तेवढीच सोडावी.

यासाठी अंगठ्याचे टोक स्टिकच्या माथ्यावर न ठेवता, त्याचा मऊ भाग स्टिकच्या मागच्या कडेला टेकवावा. म्हणजे स्टिक पुढे ढकलताना तिला आधार मिळतो आणि परत आणताना ती एकदम उसळून मध्यावर जात नाही. मूळ निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरला स्टिकभोवती अष्टकोनी खोबण आहे. त्या खोबणीच्या वरच्या कोपऱ्यात स्टिक टेकली की ती सरळ पुढे आहे याची खात्री पटते.

जाता जाता एक खुलासा करतो. पहिल्या भागातील काही मिनीगेममध्ये स्टिक जोराने गोल फिरवावी लागत असे आणि तळहाताने ती फिरवताना मुलांच्या हातांना जखमा होत, म्हणून २००० साली निन्टेन्डोला अमेरिकेत संरक्षक हातमोजे देण्याची तयारी दाखवावी लागली. ती बातमी वाचून काही पालक या मिनीगेमलाही घाबरतात. इथे स्टिक गोल फिरवायची नसते, केवळ पुढे कलवायची असते, आणि जोर तर मुळीच लावायचा नसतो.

७. वळण घ्यायला शिका

सगळी शर्यत इथेच जिंकली किंवा हरली जाते, म्हणून या पायरीवर मी अधिक वेळ घेतो.

आधी कारण समजून घेऊ. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून जी पकड लागते, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट केला तर सव्वादोन पट पकड लागते आणि दुप्पट केला तर चौपट. म्हणूनच खऱ्या स्लॉट कारमध्ये ‘थोडासाच तर जास्त होता’ असे वाटत असतानाच गाडीचा मागचा भाग बाहेर सरकतो आणि पिन खाचेतून निघते. मिनीगेममध्ये हे गणित सोपे करून घेतले असले तरी परिणाम तोच आहे. वळणावर वेग एका मर्यादेच्या वर गेला की गाडी गरगरत बाहेर पडते.

ती मर्यादा कुठे आहे, हे सांगून कळत नाही. त्यासाठी सरावात पुढील क्रम ठेवावा.

पहिल्या प्रयत्नात संपूर्ण शर्यत अर्ध्या दाबाने, एकदाही न निसटता पूर्ण करावी. तुम्ही शेवटचे याल, हरकत नाही. दुसऱ्या प्रयत्नात सरळ भागावर पूर्ण दाब द्यावा, पण वळण दिसू लागताच अर्ध्यावर यावे. तिसऱ्या प्रयत्नात एकच वळण निवडून तिथे मुद्दाम जास्त वेग ठेवावा आणि गाडी निसटू द्यावी. त्यानंतर त्याच वळणावर दर वेळी थोडा थोडा दाब कमी करत जावे. ज्या दाबाला गाडी टिकली तो त्या वळणाचा दाब, आणि तो अंगठ्याला पाठ झाला पाहिजे, डोक्याला नव्हे. मुद्दाम निसटणे कोणालाच आवडत नाही, त्यामुळे हा तिसरा प्रयत्न जो तो टाळतो. पण मर्यादा न ओलांडता मर्यादा कळण्याचा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

आता दाब कमी करण्याची वेळ. नवख्याची सर्वांत मोठी चूक ही, की तो गाडी वळणात शिरल्यावर स्टिक मागे घेतो. तोवर उशीर झालेला असतो. दाब वळणाच्या आधी, सरळ भागावर असतानाच कमी करावा, वळणात तो स्थिर ठेवावा आणि वळणाचा शेवट दिसू लागताच हळूहळू वाढवत न्यावा. वळण पूर्ण संपेपर्यंत थांबलात, तर पुढच्या सरळ भागाचा पहिला तुकडा तुम्ही रांगत काढता. मागून येणारा तेवढ्यात निघून जातो.

लागोपाठ दोन वळणे असतील तर पहिल्यातून बाहेर पडताना वेग वाढवण्याचा मोह आवरावा. मधला सरळ भाग आखूड असेल, तर त्यात मिळवलेला वेग वापरायला जागाच उरत नाही आणि दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी तो घातक ठरतो. अशा जोडीला मी एकच लांब वळण समजतो.

८. निसटण्याची खरी किंमत मोजा

असे मानून चला की ट्रॅकवर आठ वळणे आहेत आणि सावधपणामुळे प्रत्येक वळणावर तुमचा सेकंदाचा पाचवा हिस्सा वाया जातो. एकूण नुकसान झाले १.६ सेकंदांचे. आता दुसरा खेळाडू सगळी वळणे निर्भयपणे घेतो, पण एकदा निसटतो. गाडी गरगरणे, पुन्हा खाचेत येणे आणि शून्यापासून वेग धरणे, यात मिळून तीन सेकंद गेले, तर तो तुमच्या मागे पडला. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण तराजू जवळजवळ नेहमी याच बाजूला झुकतो.

निसटल्यानंतरची चूक त्याहून महाग पडते. मागे पडलेला खेळाडू चिडून स्टिक पूर्ण पुढे दाबतो आणि पुढच्याच वळणावर पुन्हा बाहेर जातो. गाडी खाचेत आल्यावर आधी पुढचे वळण किती जवळ आहे ते पाहावे आणि मगच वेग धरावा. तुमच्या पुढचेही निसटणार आहेत, एवढा भरवसा ठेवण्यास हरकत नाही.

९. इतर तिघांकडे पाहू नका

या शर्यतीत गाड्या एकमेकींना अडवत नाहीत, कारण प्रत्येकीची खाच वेगळी आहे. शेजारची गाडी पुढे गेली म्हणून तुमच्या वळणाचा दाब बदलत नाही. तरीही डोळा तिकडे जातोच, आणि अंगठा डोळ्यामागे जातो. यावर मी स्वतः वापरतो तो उपाय असा, की नजर गाडीवर न ठेवता गाडीच्या पुढच्या वळणावर ठेवायची. गाडी नजरेच्या कडेला आपोआप दिसत राहते.

कुणी शेजारून ‘दाब, दाब!’ असे ओरडत असेल, तर त्याला शर्यत संपेपर्यंत गप्प बसवावे. तो बहुधा प्रतिस्पर्धी असतो.

१०. घरच्या शर्यतींसाठी काही व्यवस्था

चौघांपैकी एखादा अगदीच नवीन असेल, तर त्याला आधी संगणकाच्या पात्रांविरुद्ध, त्यांची पातळी सर्वांत सोपी ठेवून दोन-तीन शर्यती खेळू द्याव्यात. लहान मुले असतील, तर त्यांना चांगला कंट्रोलर द्यावा आणि झिजलेला स्वतः घ्यावा. प्रत्यक्षात नेहमी उलट होते, आणि मग मूल हरले की त्याला खेळता येत नाही असे म्हटले जाते. बऱ्याच शर्यती सलग खेळणार असाल, तर प्रत्येक शर्यतीनंतर कंट्रोलर एका जागेने पुढे सरकवावेत. खऱ्या स्लॉट कारच्या स्पर्धांत खेळाडू आळीपाळीने प्रत्येक लेनवर धावतात, त्यातलीच ही युक्ती आहे. चार शर्यतींत प्रत्येक कंट्रोलर प्रत्येकाच्या हातात येतो आणि त्यानंतर कंट्रोलरची तक्रार करायला कोणाला जागा राहत नाही.

सगळे करूनही एकाच वळणावर गाडी वारंवार निसटत असेल, तर तिसऱ्या पायरीकडे परत जाऊन आधी गेम मोड तपासावा. टीव्हीचा इनपुट बदलला की पुष्कळ टीव्हींवर तो मोड आपोआप बंद होतो, आणि त्या एका सेटिंगपायी मी एक अख्खी संध्याकाळ अंगठ्याला दोष देण्यात घालवली आहे.